शेवटच्या दाराची ओ

आमच्या कोयनानगरात चहात साखर घातल्यावर चमचा मागायची पद्धत नाही. कपबशी समोर ठेवायची आणि थांबायचं. जमिनीच्या पोटात कुठंतरी गुरगुर होते, जमीन एक आळस देते आणि साखर आपोआप ढवळली जाते. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. मग जमीन खरंच हलते आणि त्यांचं हसू बशीत सांडतं. कुणी म्हणेल, हा लालासाहेब थापा मारतोय. मारतोय. पण आमच्या वस्तीत चमचे खरंच कमी आहेत, येऊन मोजा.

हे सांगायचं कारण असं, की मागच्या हिवाळ्यात सांगलीहून एक पोरगी आली आणि तिनं आमच्या या न घाबरण्याचं मोजमाप काढायचं ठरवलं. तिचं नाव मुबश्शिरा. आमच्या चांदसाहेब टेलरची नात. चांदसाहेबाचं इथं दुकान होतं. अख्ख्या कॉलनीच्या पँटी त्यानं शिवल्या आणि एकीचीही टीप सरळ आली नाही. दोष तो भूकंपाला द्यायचा. जमीन हलली की सुई हलते, मी काय करू, असं म्हणायचा, आणि आम्ही वाकडी टीप घालून हिंडायचो. पुढं तो मुलाकडं सांगलीला गेला. त्याची ही नात तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेआधी प्रत्येकानं स्वतःचं एक संशोधन करून दाखवायचं असतं म्हणे. बाकीच्या पोरींनी मोबाइल आणि झोप असले विषय घेतले. हिनं आम्हाला घेतलं.

"आजोबा," पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "धक्का बसला की तुम्ही काय करता?"

"चहा पिऊन घेतो. थंड व्हतो न्हाईतर."

"आणि मोठा बसला तर?"

"मग बशीत ओतून पितो."

ती हसली नाही. डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिली. ती घरून निघताना चांदसाहेबानं माझ्याबद्दल काय सांगून पाठवलं होतं ते मला त्या बघण्यातच कळलं.

आमची वस्ती म्हणजे कॉलनीच्या खालच्या अंगाला असलेली एकच गल्ली. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपानंतर उभी राहिलेली पत्र्याची घरं. पडली तर टेंगूळ येईल, जीव जाणार नाही, अशा हिशेबानं बांधलेली. पहिलं घर मनुबाईचं, मधलं माझं आणि अगदी शेवटचं, ओढ्याच्या कडेचं, नानासोचं. नानासो हा मनुबाईचा धाकटा भाऊ. वीजघरात टर्बाइनजवळ नोकरी केली, त्या आवाजानं कान निम्मे गेले आणि बायको वारल्यापासून उरलेले निम्मे तो स्वतःहून वापरत नाही. गल्लीत तरणं माणूस औषधाला नाही. मुलं पुण्याला, मुंबईला, फौजेत. आम्ही आपले म्हातारे एकेका पत्र्याखाली एकेकटे.

मुबश्शिरा मनुबाईकडं उतरली. तिच्याकडं एक लहानशी डबी होती, कॉलेजातल्या कुणा मित्राकडून जुळवून घेतलेली. डबीतून निघालेल्या दोन वायरींच्या टोकाला कापडी पट्ट्या. त्या दोन बोटांना गुंडाळायच्या आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. माणूस मनातून दचकला की बोटांना न दिसणारा घाम सुटतो आणि पडद्यावरची हिरवी रेषा वर चढते. मग ती कानात वाहत्या पाण्याचा आवाज लावायची आणि मधेच अचानक स्टीलचं ताट पडल्याचा दणका. परत पाणी, परत दणका. कोण किती दचकतो आणि किती लवकर दचकायचं थांबतो, ते बघायचं. सांगलीत तिनं शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना आधीच बसवून घेतलं होतं. तिचा अंदाज असा, की जन्मभर हलत्या जमिनीवर राहिलेली आमच्यासारखी माणसं कमी दचकतील.

मी म्हटलं, "पोरी, अंदाज कशाला, मी लिहून देतो."

"लिहून नको आजोबा," ती म्हणाली, "बोटं द्या."

आम्ही बोटं देणार, तेवढ्यात शिवतेज आला.

शिवतेज मनुबाईचा एकुलता एक. फौजेत हवालदार होता, उभं तारुण्य बर्फात आणि वाळूत काढून नुकताच पेन्शनीत आलेला. सांगलीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, सिक्युरिटीची नोकरी धरली आणि आता आईला न्यायला जीप घेऊन दारात. पोरगा वाईट नाही. उलट इतका चांगला की त्याच्याशी भांडताही येत नाही. आईला लिफ्ट, आईला गीझर, आईला गॅलरीत तुळस, सगळी तयारी करून आला होता.

"मी न्हाई येत," मनुबाई म्हणाली.

"आई, तू हितं भेदरून जगतीस. मी डोळ्यानं बघितलंय."

बघितलं होतं ते फोनवर. समोरच्या मास्तरांची नात सोनिया सुट्टीला आली होती तेव्हा धक्का बसला आणि तिनं हलणाऱ्या पत्र्याचं चित्रण केलं. त्यात मागं मनुबाई दिसते. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावर नाही, गल्लीतून पळत सुटलेली आणि तोंडानं हाका मारतेय. ते हिंडत हिंडत शिवतेजच्या छावणीपर्यंत गेलं. आईला तसं बघून त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे त्यानंच मला सांगितलं.

आता आमच्यात याचं काही नवल नाही. धक्का थांबला की मनुबाई दारोदार जाते. "हाय का?" म्हणून विचारते. आतल्यानं "हाय" म्हणायचं. मग ती पुढच्या दारी. दूधवाला येतो तशी ती येते. मी शिवतेजला म्हटलंही, "लेका, तुजी आई घाबरून पळत न्हाई, हाका मारत जाती."

"काका, हाका मारत पळायचं म्हंजे दुसरं काय असतंय?" तो म्हणाला. "आमच्यात गोळीबारानंतर नवी पोरं अशीच करत्यात."

मनुबाईला तो एकच धोशा लावून होता: तू घाबरतीस, कबूल कर. आणि ती एकच उत्तर देत होती: मी पाय मोकळं करती. आई आणि मुलगा, दोघंही एकाच दगडातले.

शेवटी शिवतेजची नजर त्या डबीवर गेली. "हे मशिन भीती दावतंय न्हवं? मग लावू या आईला. मशिन काय खोटं बोलत न्हाई. रेष वर गेली तर तू गुमान माज्यासंगं यायचं. न्हाई गेली तर मी परत ईषय काढणार न्हाई."

"लाव," मनुबाई म्हणाली. "शब्द दे."

दोघांनी शब्द दिले. मुबश्शिरा त्या वेळी नानासोला त्याच्या घरी जाऊन प्रयोग समजावून सांगत होती, म्हणजे ओरडत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मनुबाई गेली तर या गल्लीचं काय होईल ते सांगायला नको. मी विचार केला आणि मला कुंडलचा माझा मामा आठवला. मामा मैदानातला पैलवान. घामानं पकड सुटू नये म्हणून तो तुरटीच्या पाण्यानं अंघोळ करायचा. एकदा त्यानं कुस्ती जिंकून पंचाशी हात मिळवला, तो हात अजून सुटलेला नाही. दोघं एकाच घरात राहतात, काय करणार. तेव्हा दाढीनंतर लावतात ती तुरटी मी बाजारातून आणली, पाण्यात उगाळली आणि बोटांना लावायला गल्लीत घरोघर वाटली. एकट्या मनुबाईची रेषा सपाट आली तर संशय येईल. सगळ्यांचीच सपाट आली तर ते कोयनेचं पाणी म्हणून खपेल.

खपलंही. प्रयोगाच्या पहिल्या दिवशी शेजारची रंगूबाई बसली, मास्तर बसले, मी बसलो. ताट पडो की कपाट पडो, रेषा धरणाच्या शांत पाण्यासारखी. मुबश्शिराचा आनंद पोटात मावेना. तिनं बाहेर जाऊन तिच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, इतका फरक असेल असं वाटलंच नव्हतं," म्हणाली. पोरीचा चेहरा असा उजळला होता की मला जरा बरं वाटलं आणि जरा बरं नाही वाटलं.

संध्याकाळच्या आत ती माझ्या पायरीवर येऊन बसली.

"आजोबा, सुरुवातीला मी तुम्हाला एक खोल श्वास घ्यायला लावला होता. आठवतंय?"

"घेतला की. चांगला भरपूर घेतला."

"खोल श्वास घेतला की कुणाचीही रेषा थोडी वर जाते. तुमची नाही गेली. मास्तरांची नाही, रंगूआजींची नाही. या यंत्राच्या मते तुम्ही तिघं टेबलं आहात."

"वय झालं आता," मी म्हटलं.

तिनं माझा हात घेतला, माझ्या बोटावर आपलं बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. "तुरटी," म्हणाली.

चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. गुडघ्यांना मिठी मारून समोरच्या डोंगराकडं बघत बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली येऊ देत नव्हती. मग हळू आवाजात म्हणाली, "माझा अंदाज चुकला तरी मॅडम मार्क देतात, आजोबा. चुकलं तर चुकलं लिहायचं. 'नाही' हे उत्तर मला चालतं. खोटं नाही चालत."

मला आयुष्यात खूप जणांनी थापाड्या म्हटलंय. इतकं मायेनं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. शिवतेज, जीप, दिलेले शब्द. ऐकता ऐकता ती ताठ झाली.

"भीती मोजायला? पण हे यंत्र भीती मोजतच नाही."

"आं?"

"आनंद झाला तरी रेषा वर जाते. राग आला तरी, लाज वाटली तरी. आत काहीतरी हललं एवढंच ते सांगतं. काय हललं, का हललं, ते सांगत नाही."

"म्हंजे आपल्या कोयनेसारखंच," मी म्हटलं. तिला हसू आलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ती तशीच उठून शिवतेजकडं गेली. त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. तो तिचं ऐकून घेत राहिला, फौजेत ऐकतात तसा, हात मागं बांधून. आणि म्हणाला, "बाई, तुमी आईच्या बाजूच्या हाय, ते मला दिसतंय. वाईट न्हाई. पण शब्द झालाय. उद्या सकाळी लावा."

सकाळी चहा झाल्यावर मनुबाईच्या सोप्यात आम्ही जमलो. मुबश्शिरानं मनुबाईचे हात स्वतः साबणानं धुतले, टॉवेलनं पुसले. तुरटीचा कण राहू दिला नाही. मनुबाई खुर्चीत बसली. शिवतेज तिच्या मागं उभा, मी दारात. पट्ट्या गुंडाळल्या. खोल श्वास घेतला तशी रेषा थोडी वर जाऊन आली. पोरीनं माझ्याकडं बघून मान हलवली: ही टेबल नाही.

कानात पाणी सुरू झालं. मग ताट पडलं. रेषा उडी मारून वर गेली. शिवतेजनं श्वास धरला. परत पाणी, परत ताट. रेषा वर गेली, पण कमी. आणखी एकदा, आणखी कमी. मग ताटं पडत राहिली आणि मनुबाई खुर्चीत डुलकी लागल्यासारखी बसून राहिली. शिवतेजचे खांदे उतरले. मी मनातल्या मनात जीप परत पाठवून दिली.

आणि तेव्हाच भूकंप झाला.

गोष्टीला भूकंप लागला तर तो बाहेरून आणावा लागतो, पण कोयनेत तशी अडचण नाही. आधी खालून गाडी गेल्यासारखी गुरगुर, मग पत्र्यांचा थरथराट, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले आणि भिंतीवरचा आरसा वाकडा झाला. मुबश्शिरानं आधी लॅपटॉप पोटाशी धरला, मग डोळे मिटले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मोठा नव्हता धक्का. थांबलाही लगेच.

पण रेषा पडद्याच्या माथ्याजवळ जाऊन पोचली होती.

"बघा," शिवतेज म्हणाला. जिंकल्याचा आवाज नव्हता तो. दुखावल्याचा होता. "बघा काका, काय हुतंय तिला."

मनुबाईनं कानावरचे हेडफोन काढून फेकले आणि ती उठली. बोटांना वायरी आहेत याचं तिला भान नव्हतं. वायरी ताणल्या तशी मुबश्शिरा लॅपटॉप घेऊन तिच्या मागं धावली. उंबऱ्यावर मनुबाई थांबली. बाहेर नाही बघितलं तिनं. मागं वळून रिकाम्या माजघराकडं तोंड केलं आणि हाक मारली, "शिव्या, हाय का रं?"

शिवतेज तिच्या हाताच्या अंतरावर उभा होता.

ही हाक आम्हाला नवी नव्हती. तो फौजेत भरती झाला तेव्हापासून तिची पहिली हाक घरात जायची. घरात कुणी नसायचं. ओ येणार नाही हे तिला ठाऊक असायचं, म्हणून ती थांबायचीही नाही. हाक टाकायची आणि गल्लीत उतरायची. त्या दिवशीही तिचा एक पाय पायरीवर पडला होता.

"हाय, आई," शिवतेज म्हणाला.

नसलेल्या पायरीवर पाय टाकल्यासारखी ती थबकली. वळली. त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो आत्ता त्या क्षणी दारातून आला होता. तिनं फक्त त्याच्या दंडाला हात लावला, तो खरा आहे का बघितल्यासारखा. मुबश्शिराची नजर पडद्यावर होती. ती मला नंतर म्हणाली, रेषा तेव्हा खाली आली. थोडीशी. दम घेतल्यासारखी.

मग मनुबाई गल्लीत पळाली. आमची मिरवणूक बघण्यासारखी होती. पुढं अनवाणी मनुबाई, तिच्या बोटांना वायरी. मागं लॅपटॉप छातीशी धरून मुबश्शिरा. तिच्या मागं ती डबी पूजेच्या ताटासारखी दोन्ही हातांवर धरून माजी हवालदार. आणि शेवटी मी, धापा टाकत.

"रंगूबाई, हाय का?"

"हाय. दूध तेवढं उतू गेलं."

"मास्तर, हाय का?"

"आहे. आरशाला तडा गेलाय."

"भावजी, हाय का?" माझ्या बंद दाराला तिनं विचारलं.

"हाय," मी तिच्या मागून म्हणालो. "तुज्याच वरातीत हाय."

अशी दारं मागं पडत गेली आणि आम्ही ओढ्याकाठी आलो. नानासोचं दार आतून लावलेलं.

"नाना, हाय का रं?"

काही नाही. ओढ्याच्या पाण्याचा आवाज.

"नाना, हाय का रं?"

मनुबाईनं दार वाजवलं नाही. आवाज चढवला नाही. नुसती तीच हाक, त्याच सुरात, परत परत. मी पडद्यावर वाकून बघितलं. रेषा नाचत होती, पण नाचता नाचता वर सरकत होती. धक्क्याच्या वेळी गेली होती त्याच्यावर. शिवतेज दार ढकलायला पुढं झाला, तर तिनं हातानं त्याला अडवलं.

"हाक मारू दे," म्हणाली. "नाना, हाय का रं?"

आतून खोकला आला. मग बादलीचा आवाज. मग नानासो कुरकुरला, "हाय गं अक्का. मेलो न्हाई अजून. माणसानं संडासला बी जाऊ न्हाई का?"

मनुबाईनं डोळे मिटले. रेषा उतरू लागली. घाटातून एसटी उतरते तशी, वळणं घेत, सावकाश. पार खाली आली. ती नानासोच्या पायरीवर बसली, पदर खांद्यावर घेतला आणि तेव्हा कुठं तिचं लक्ष आपल्या बोटांकडं गेलं. "ह्ये अजून हायच व्हय," म्हणाली.

शिवतेज पडद्याकडं बघत होता. मुबश्शिरा त्याला म्हणाली, "दादा, यातलं काहीच मी प्रोजेक्टमध्ये घालू शकत नाही. पळताना हात हलतो, वायर ओढली जाते, रेषा उगाच नाचते. याला कुणी मोजमाप म्हणणार नाही." मग मनुबाईकडं बघून म्हणाली, "आणि वर गेली ती कशानं, ते यंत्राला नाही विचारता येत. त्यांना विचारा."

शिवतेज आईच्या शेजारी पायरीवर बसला. इतके दिवस तो तिला सांगत होता, तू भ्यालीस, कबूल कर. आता पहिल्यांदा त्यानं विचारलं. "आई, तुला भ्या वाटलं का गं?"

"वाटलं की," मनुबाई म्हणाली.

मी मनात कपाळावर हात मारला. एवढी तुरटी उगाळली ती वाया गेली.

"दर बारीला वाटतंय," ती म्हणाली. "भ्या वाटतंय म्हणून तर हाक मारती. सदुसष्टला घर पडलं तवा मी परकरातली पोरगी. आमी सगळी ढिगाखाली. आई तेवढी भाईर फेकली गेलती. तिनं एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. जो ओ देईल त्याच्या आवाजावर मान्सं उकरायची. मी ओ दिली, मला काढलं. बाबांनी दिली, त्यास्नी काढलं." तिनं दाराकडं मान वळवली. "ह्यो दुपट्यात हुता. ह्याला बोलायलाच येत नव्हतं, ओ कुठनं देणार? आई आपली हाक मारतीया. मान्सं म्हनली, बाई, थांब आता. ती थांबली न्हाई. उन्हं आली तरी न्हाई थांबली. मग ह्यो रडला."

नानासो दार उघडून टॉवेलनं हात पुसत उभा होता. त्याचे उरलेले निम्मे कान त्या दिवशी चालू होते. "तवापास्नं ऐकवती," तो म्हणाला, "की नाना, तू ओ उशिरा देतोस. मला आठवतंय का काय."

मुबश्शिरानं हळूच मनुबाईच्या बोटांवरच्या पट्ट्या सोडल्या. मनुबाई उठली, लुगडं झटकलं. "चल," शिवतेजला म्हणाली. "मी हरले. भ्याले म्हणून मीच सांगितलं, मशिन कशाला पायजे. शब्द दिलता. पिशवी भरती मी."

ती खरंच निघाली. मनुबाईचा शब्द म्हणजे शब्द. शिवतेज बसूनच राहिला. मग नानासोकडं बघून म्हणाला, "मामा, तुमी बी चला की सांगलीला."

"मला लिफ्टची भीती वाटती," नानासो म्हणाला.

"आई," शिवतेजनं मागून हाक मारली. ती थांबली. "तू सांगलीला आलीस तर मामाला हाक कोण मारंल?"

"तेच म्हनत हुते मी."

"तू कवा म्हनलीस? पाय मोकळं करती म्हनत हुतीस."

"तू कवा इचारलंस?" मनुबाई म्हणाली.

जीप दुसऱ्या दिवशी परत गेली. गीझरचं माहीत नाही, पण तुळस मनुबाईनं इथनं दिली. महिन्यातून चार दिवस ती सांगलीला जाईल, असं ठरलं. त्या चार दिवसांत हाक मारायचं काम माझ्याकडं आहे. मी हाक मारली की लोक आधी विचारतात, खरंच भूकंप झालाय का?

मुबश्शिरानं आमच्या सगळ्यांची बोटं साबणानं धुऊन परत मोजली. आम्ही एकेकजण शहाण्यासारखे बसलो. उन्हाळ्याच्या तोंडाला कॉलेजात तिनं ते मांडलं तेव्हा मी आणि चांदसाहेब मागच्या बाकावर होतो. ती उभी राहिली आणि तिनं सरळ सांगून टाकलं: माझा अंदाज चुकला. कोयनेची माणसं सांगलीच्या माणसांइतकीच दचकतात. फरक दिसला नाही.

"तुज्या नातीनं आमची अब्रू घालवली," मी चांदसाहेबाच्या कानात म्हटलं.

"माझी नात आहे," तो म्हणाला. "पण टीप सरळ घातली की रे तिनं." आणि चष्मा काढून पुसत बसला.

मला ते खरं वाटलं, तिचं. आम्ही दचकतो. कपबशी खाली ठेवत नाही, एवढंच.

परवा परत धक्का बसला, साखर ढवळण्यापुरता. पत्रे गप्प झाले तशी मनुबाई उंबऱ्यावर आली. आता तिच्या कानाला फोन असतो. "शिव्या, हाय का रं?" "हाय, आई," असा आवाज आला, पार माझ्या दारापर्यंत. तिनं फोन बंद केला नाही. तसाच हातात धरून गल्लीत उतरली. रंगूबाई हाय. मास्तर हाय. मी हाय. आणि सांगलीत तिसऱ्या मजल्यावर, जिथं जमीन हललेली कुणाला कळलीही नव्हती, एक माणूस फोन कानाला लावून, श्वास धरून, नानासोच्या खोकल्याची वाट बघत उभा होता.